न हटणारा चट्टा : त्वचेच्या लिम्फोमाचे निदान कसे होते?

अंगावर चट्टा उठला की आपल्याकडे माणूस तो आधी लपवतो आणि मग केव्हातरी डॉक्टरकडे जातो. या दोहोंच्या मध्ये कित्येकदा वर्षे जातात. चट्टा फिकट असेल तर कुष्ठरोगाची भीती, पांढरा असेल तर कोडाची आणि घरातल्या मुलीच्या लग्नाची काळजी, लालसर असून खाजत असेल तर गजकर्ण समजून मेडिकल स्टोअरमधून आणलेली ट्यूब. या वाटांनी गेलेल्या माणसांपैकी फार थोड्यांच्या बाबतीत, पण काहींच्या बाबतीत निश्चितच, तो चट्टा वेगळ्याच गोष्टीचा निघतो. वैद्यकशास्त्रात तिला त्वचेचा लिम्फोमा म्हणतात. या रोगाचे निदान कसे केले जाते, त्याला उशीर का होतो आणि रुग्णाने व त्याच्या घरच्यांनी त्यात काय करण्यासारखे आहे, याची माहिती प्रस्तुत लेखात देण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रारंभीच सांगितलेले बरे की लेखक वैद्यकीय क्षेत्रातला नाही. कला शाखेची पदवी घेऊन बँकेत कारकुनी करणारा माणूस आहे. परिचयातील एका गृहस्थांबरोबर दोन-अडीच वर्षे दवाखान्यांच्या फेऱ्या झाल्या, त्या काळात जे ऐकले, डॉक्टरांना विचारले आणि मागाहून वाचले, तेच येथे आपल्या सभासद बंधू-भगिनींसाठी आणि विशेषतः विज्ञान शाखेकडे जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी मांडतो आहे. औषधोपचार सांगण्याचा अधिकार मला नाही व तसा हेतूही नाही.

आपल्या रक्तात ज्या पांढऱ्या पेशी असतात त्यांपैकी एका जातीला लिम्फोसाइट म्हणतात. रोगजंतूंशी लढणे हे त्यांचे काम. त्यांचे टी आणि बी असे दोन मुख्य प्रकार आहेत. काखेत, मानेत, जांघेत ज्या लसीकाग्रंथी असतात (पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते, त्या याच ग्रंथी) तेथे या पेशींचा मोठा मुक्काम असतो. परंतु त्या शरीरभर फिरतात आणि त्वचेतही त्यांचा पहारा असतो. या पेशींचा कर्करोग म्हणजे लिम्फोमा. बहुतेक लिम्फोमा ग्रंथींत सुरू होतात. काही मात्र ग्रंथी सोडून अन्यत्र, म्हणजे पोटात, आतड्यात किंवा त्वचेत सुरू होतात. ग्रंथींबाहेर सुरू होणाऱ्या लिम्फोमांत अन्नमार्गाच्या खालोखाल त्वचेचाच क्रम लागतो. तरीही रोग विरळाच आहे. पाश्चात्त्य देशांतील नोंदींनुसार दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला सुमारे एक नवा रुग्ण सापडतो. म्हणून हा लेख वाचून कोणी आपल्या अंगावरचा प्रत्येक डाग संशयाने पाहू लागू नये. शंभरातले नव्याण्णव डाग साधेच असतात, असे म्हटले तरी ते कमीच म्हटल्यासारखे होईल.

त्वचेच्या लिम्फोमांतील निम्म्याच्या आसपास रुग्णांना जो प्रकार होतो त्याचे नाव आहे मायकोसिस फंगॉइडिस. नावाचा इतिहास मोठा गमतीचा आहे. पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयातील डॉक्टर आलिबेर यांनी १८०६ साली एक रुग्ण पाहिला. त्याच्या अंगावर भूछत्रासारख्या गाठी उठल्या होत्या. त्या रूपावरून पुढे हे नाव पडले. वस्तुतः या रोगात बुरशीचा अंशही नाही. तरी नाव बुरशीचे आणि पुष्कळदा पहिला उपचारही बुरशीचाच, असा हा विचित्र योग दोनशे वर्षांनंतरही सुटलेला नाही. आलिबेर यांनी पाहिली ती रोगाची शेवटची पायरी होती. त्याआधी सपाट चट्टा, मग किंचित उंचावलेला जाडसर चट्टा आणि मग गाठ, अशा पायऱ्या असतात, हे पॅरिसमधीलच डॉक्टर बाझँ यांनी १८७० च्या सुमारास दाखवून दिले. प्रत्येक रुग्ण शेवटच्या पायरीपर्यंत जातोच असे नाही. बहुसंख्य जात नाहीत. आणि पहिल्या पायरीवर हा रोग वर्षानुवर्षे, कधी दशकभरही, मुक्काम करतो. निदानातली सगळी अडचण या पहिल्या पायरीची आहे.

कारण पहिल्या पायरीवरचा चट्टा इसब, सोरायसिस, गजकर्ण यांच्यासारखा दिसतो. पाश्चात्त्य ग्रंथांतील वर्णन गोऱ्या कातडीवरचे असते, तेथे चट्टा गुलाबी-लाल दिसतो. आपल्या सावळ्या कातडीवर तो तपकिरी, करडा किंवा चक्क फिकट दिसू शकतो. फिकट चट्ट्यांचा एक स्वतंत्र उपप्रकारच आहे. एरवी हा रोग पन्नाशीनंतरचा, पण हा फिकट उपप्रकार लहान मुलांत आणि तरुणांत दिसतो आणि तोही मुख्यतः आपल्यासारख्या सावळ्या वर्णाच्या लोकांत. आपल्या महाराष्ट्रात हा चट्टा पहिल्या नजरेला कोणाची आठवण करून देणार, हे वेगळे सांगायला नको.

येथे थोडे विषयांतर वाटेल, पण ते आवश्यक आहे. कुष्ठरोगाच्या कामाची आपल्या प्रांतात मोठी परंपरा आहे. मुंबईत वडाळ्याचे अ‍ॅकवर्थ रुग्णालय १८९० सालचे. मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूरला काम सुरू केले. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांचे तपोवन उभे राहिले आणि बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापून वरोऱ्याला आनंदवन वसवले. १९८३ पासून राष्ट्रीय कार्यक्रमातून बहुविध औषधोपचार सुरू झाला. चट्टे थोडे असतील तर सहा महिने आणि जास्त असतील तर बारा महिने गोळ्या, त्याही सरकारी दवाखान्यात मोफत, आणि रोग बरा. डिसेंबर २००५ मध्ये देशातील प्रमाण दर दहा हजारांमागे एकाच्या खाली आल्याचे जाहीर झाले. एवढे होऊनही जोडीदाराचा कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून आपल्या कायद्यांत नमूद होते, ते काढून टाकण्यास २०१९ साल उजाडावे लागले. कायद्याला जिथे इतका वेळ लागला तिथे घरातल्या मनांचे काय विचारावे! रोग बरा होतो हे सर्वांना पाठ आहे, पण चट्टा दाखवायची वेळ आली की बाही खाली ओढली जाते.

तर फिकट चट्टा पाहिल्यावर त्वचारोगतज्ज्ञ काय करतात? ते प्रथम संवेदना तपासतात. कापसाच्या बोळ्याचा किंवा टोकाचा स्पर्श रुग्णाला डोळे मिटून ओळखायचा असतो. कुष्ठरोगाच्या चट्ट्यात ही जाणीव बहुधा कमी झालेली किंवा गेलेली असते आणि कोपराजवळची, गुडघ्याजवळची मज्जातंतूची दोरी हाताला जाड लागते. लिम्फोमाच्या फिकट चट्ट्यात स्पर्श सहसा शाबूत असतो. कोडाचा डाग दुधासारखा पांढरा, कडा स्पष्ट, वर खवले नाहीत, आणि अंधारात विशिष्ट जंबुपार दिव्याखाली तो उजळून दिसतो. शिबे असेल तर खरवडून काढलेला कोंडा पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात घालून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की बुरशी डोळ्यांना दिसते. म्हणजे दहा मिनिटांच्या, जवळजवळ बिनखर्चाच्या तपासणीत पुष्कळ उलगडा होतो. अट एकच, चट्टा उघडा करून दाखवला पाहिजे.

काही वेळा चट्टा कुष्ठरोगाचा मानून औषधे पूर्ण दिली जातात. बरे झाल्यावरही जुना डाग फिकट राहू शकतो, तेवढ्यावरून निदान चुकले असे समजू नये. पण औषधे पूर्ण घेऊनही नवे चट्टे उठतच राहिले, जुने वाढत गेले आणि बधिरता मात्र कोठेच नाही, तर डॉक्टरांना पुन्हा विचारायचा हक्क रुग्णाला आहे. याउलट, चट्टा बधिर असेल तर लिम्फोमाच्या नादी न लागता आधी कुष्ठरोगाची तपासणी करावी. घरोघरी सर्वेक्षणाला येणाऱ्या आशाताईंना चट्टा दाखवायला लाजू नये.

आता ट्यूबविषयी. आपल्याकडे अंगाला खाज सुटली की लोक मेडिकलवाल्यालाच डॉक्टर मानतात. तो जी ट्यूब देतो तीत बुरशीचे औषध, जंतूंचे औषध आणि तीव्र स्टेरॉइड अशी खिचडी असते. स्टेरॉइडने खाज दोन दिवसांत थांबते, चट्टा फिका पडतो, माणूस खूश होतो. ट्यूब थांबली की चट्टा परत. अनेक स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केंद्र सरकारने २०१८ साली केला, पण तो काउंटरवर किती पाळला जातो हे वाचकांना ठाऊकच आहे. लिम्फोमाच्या बाबतीत यातला तोटा दुहेरी आहे. लिम्फोसाइट पेशी स्टेरॉइडला दबतात. त्यामुळे चट्टा नाहीसा झाल्यासारखा वाटतो आणि त्याच काळात बायोप्सी केली तर तुकड्यात पेशीच पुरेशा सापडत नाहीत, रिपोर्ट गुळमुळीत येतो. म्हणूनच बायोप्सीपूर्वी दोन ते चार आठवडे चट्ट्यावर काही लावू नका असे तज्ज्ञ सांगतात. त्यांनी विचारले तर कोणती ट्यूब किती दिवस लावली हे खरे सांगावे, रिकामी ट्यूब खिशात घालून न्यावी. ते रागावतील म्हणून लपवणारी माणसे मी पाहिली आहेत.

निदान नेमके कशावर ठरते, हा या लेखाचा गाभा. सर्वसामान्य समज असा की एखादी मोठी, महागडी तपासणी असेल, ती केली की कर्करोग आहे की नाही याचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' असे छापून येईल. तसे येथे नाही. त्वचेच्या लिम्फोमाचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञमंडळाने २००५ साली प्राथमिक अवस्थेतील मायकोसिस फंगॉइडिससाठी एक गुणपद्धती सुचवली. ती वाचली तेव्हा मला ती चटकन समजली, कारण ती आमच्या कामासारखी आहे. एका व्हाउचरवरून खाते ठरत नाही, व्हाउचर, लेजर आणि नमुना सही यांचा मेळ बसावा लागतो. या पद्धतीत एकूण गुण सहा आणि निदान पक्के धरायला लागतात चार.

पहिले दोन गुण डोळ्यांनी पाहण्याचे. चट्टे टिकून राहणारे किंवा वाढत जाणारे असले पाहिजेत, ही मूळ अट. तिच्या जोडीला आणखी तीन गोष्टी पाहतात. चट्टे उन्ह न लागणाऱ्या जागी आहेत काय, म्हणजे कंबर, ढुंगण, मांड्यांचा वरचा भाग, स्त्रियांत स्तन. त्यांचे आकार व आकारमान एकमेकांपासून भिन्न आहेत काय. आणि तेथील त्वचा पातळ, सुरकुतल्या कागदासारखी होऊन तिच्यात काळे-पांढरे-लाल रंग मिसळले आहेत काय. मूळ अटीसोबत यांतील दोन गोष्टी जमल्या तर दोन गुण, एक जमली तर एक.

पुढचे दोन गुण साध्या सूक्ष्मदर्शकाचे. त्वचेच्या तुकड्यात वरच्या थराखाली लिम्फोसाइट जमलेल्या दिसणे ही मूळ अट. शिवाय त्या पेशी वरच्या थरात घुसल्या आहेत पण इसबात येते तशी सूज तेथे नाही, ही एक खूण. पेशींची केंद्रके मोठी, गडद आणि वेडीवाकडी आहेत, ही दुसरी. दोन्ही असल्या तर दोन गुण.

उरलेले दोन गुण महागड्या तपासण्यांचे, प्रत्येकी एकच. एकीत विशिष्ट रंगद्रव्यांनी पेशींवरची ओळखचिन्हे तपासतात. निरोगी टी पेशीवर जी चिन्हे असतात त्यांतील काही येथे पुसली गेली आहेत काय ते पाहतात. या चिन्हांना सीडी आणि पुढे आकडा अशी नावे असतात, जसे सीडी ३, सीडी ४, सीडी ७, सीडी ८. दुसरी तपासणी जनुकांची. जमलेल्या पेशी वेगवेगळ्या वंशाच्या आहेत की एकाच पेशीची ही सारी पिलावळ आहे, हे तीत कळते. कर्करोगात पिलावळ एकाची असते. मात्र काही साध्या, निरुपद्रवी त्वचारोगांतही एका वंशाच्या पेशी सापडतात, म्हणून केवळ या एका तपासणीवर विसंबून चालत नाही.

वाचकांनी हा हिशेब नीट पाहावा. सहापैकी चार गुण, म्हणजे निदानाला लागतात तेवढे सगळे, अंगावरचा कपडा बाजूला करून पाहण्यात आणि साध्या सूक्ष्मदर्शकात आहेत. हजारोंच्या तपासण्यांचे मिळून दोन. आणि ज्या जागा उन्हापासून झाकलेल्या त्याच आपण डॉक्टरांपासूनही झाकतो. माझ्या परिचयाच्या ज्या गृहस्थांचा उल्लेख वर केला, त्यांनी पहिल्या तीन भेटींत फक्त दंडावरचा एक चट्टा दाखवला होता. कमरेखालचे सात-आठ चट्टे पत्नीलाही नीट माहीत नव्हते. दंडावरच्या चट्ट्याला कोणीही इसबच म्हटले असते. चौथ्या भेटीत एका वयस्क डॉक्टरांनी पडदा ओढून, सर्व कपडे काढायला लावून, पायाच्या तळव्यापर्यंत पाहिले. तपासणीला दहा मिनिटे लागली असतील. त्या दिवशी प्रथम 'बायोप्सी' हा शब्द निघाला.

बायोप्सी या शब्दाची भीती अनाठायी आहे. चट्ट्याची जागा सुईने बधिर करतात आणि पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, चार ते सहा मिलिमीटर व्यासाच्या गोल पात्याने त्वचेचा छोटा तुकडा काढतात. एक-दोन टाके पडतात, माणूस चालत घरी जातो. 'चाकू लागला की कर्करोग पसरतो' ही समजूत आपल्याकडे शिकल्या-सवरलेल्या लोकांतही आहे, तिला या रोगात काहीही आधार नाही. काढलेला तुकडा फॉर्मलिनच्या बाटलीत टाकून पॅथॉलॉजी विभागात जातो. तेथे त्याला मेणात बसवून ठोकळा करतात, त्यालाच ब्लॉक म्हणतात. ब्लॉकमधून चार-पाच मायक्रॉन जाडीचे, म्हणजे मिलिमीटरच्या दोनशेव्या हिश्शाइतके पातळ काप काढून काचेवर घेतात व निळ्या-गुलाबी रंगांनी रंगवतात. मग पॅथॉलॉजिस्ट डोळा लावून बसतो. बाधित पेशी त्वचेच्या तळाशी माळेतल्या मण्यांसारख्या ओळीने लागलेल्या, भोवती रिकामे वलय असलेल्या दिसू शकतात. कधी वरच्या थरात त्यांचे छोटे पुंजके असतात. पुंजके दिसले तर काम सोपे, परंतु प्राथमिक अवस्थेत ते बहुतेकांत दिसतच नाहीत.

म्हणूनच पहिला रिपोर्ट 'जुनाट त्वचादाह, विशिष्ट निदान नाही' अशा अर्थाचा येणे ही नित्याची गोष्ट आहे. येथे लोक एकतर सुटकेचा निश्वास टाकून जाणे बंद करतात, नाहीतर डॉक्टरला काही कळत नाही म्हणून दुसरीकडे जातात आणि तिथे पहिला कागद दाखवतच नाहीत. दोन्ही गोष्टी घातक. या रोगात तपासणी दोनदा, तीनदा, काही महिन्यांच्या अंतराने आणि एकाहून अधिक चट्ट्यांतून करावी लागते. सही एकदा पाहून खरी-खोटी ठरत नाही, मागच्या सह्या शेजारी ठेवाव्या लागतात, तसाच हा प्रकार. अनेक देशांतील केंद्रांनी मिळून केलेली आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेली एक पाहणी आहे. तीत पहिला चट्टा उठल्यापासून निदान होईपर्यंतचा मध्यम काळ ३६ महिने आढळला. ही साधनसंपन्न देशांतील मोठमोठ्या केंद्रांची स्थिती. तेव्हा उशीर झाला म्हणून दर वेळी कोणाला तरी दोष द्यावा असे नाही. पुष्कळदा रोगच अजून पुरता प्रकट झालेला नसतो.

सूक्ष्मदर्शकाखाली लिम्फोमासारखे दिसणारे पण लिम्फोमा नसलेले काही प्रकारही आहेत. खरजेच्या जुन्या गाठी, कीटकदंशानंतर राहिलेल्या गाठी, फिटवरचे फेनिटॉइन हे औषध घेणाऱ्यांच्या अंगावर कधीकधी उठणारे चट्टे. यासाठी रुग्ण घेत असलेल्या सर्व औषधांची यादी बायोप्सीच्या अर्जासोबत गेली पाहिजे. पॅथॉलॉजिस्टला रुग्ण दिसत नाही. त्याच्यापुढे एक काच आणि एक अर्ज एवढेच येते. अर्जावर 'चट्टा' एवढाच शब्द असेल तर त्याने तरी काय करावे?

इतर प्रकारांचा धावता उल्लेख करतो. सर्व अंग लाल होऊन असह्य खाज सुटणे, तळहात-तळपाय जाड होऊन भेगा पडणे आणि रक्तातही बाधित पेशी सापडणे, हे सेझारी यांनी १९३८ साली वर्णिलेले रूप. त्यात रक्ताची तपासणी मुख्य ठरते. बी पेशींचे लिम्फोमा चट्ट्याऐवजी डोके, पाठ किंवा पाय यांवर लालसर घट्ट गाठी म्हणून येतात. काहींत कातडीखालच्या चरबीत गाठी होतात व सोबत ताप असतो. गाठ असो वा चट्टा, रोग त्वचेतच सुरू झाला की आतल्या ग्रंथींतून त्वचेवर आला, हे ठरवणे महत्त्वाचे, कारण दोहोंचे उपचार अगदी भिन्न आहेत. त्यासाठी सी.टी. किंवा पेट स्कॅन लागू शकतो. परंतु थोडेसे सपाट चट्टे आणि ग्रंथी सुजलेल्या नाहीत अशा रुग्णाला साधारणतः अंगाची तपासणी व रक्ताच्या साध्या चाचण्या पुरतात. अशा वेळी स्कॅन खरोखर हवा आहे का, असे नम्रपणे विचारायला हरकत नाही.

निदान झाल्यावर रोग किती पसरला आहे हे मोजतात. मोजमाप सोपे आहे : रुग्णाचा स्वतःचा तळहात, बोटांसह, म्हणजे शरीराच्या पृष्ठभागाचा सुमारे एक टक्का. चट्टे मिळून दहा तळहातांपेक्षा कमी, सपाट किंवा किंचित जाड, आणि ग्रंथी व रक्त स्वच्छ, अशी स्थिती असेल तर त्या रुग्णाचे आयुर्मान त्याच वयाच्या इतर माणसांइतकेच असते, असे दीर्घकालीन अभ्यासांत दिसले आहे. रोग संसर्गजन्य नाही. ताट-वाटी वेगळी करण्याचे, अंथरूण वेगळे घालण्याचे काही कारण नाही. कर्करोग म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे केमोथेरपी येते. पण १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका तुलनेत, सुरुवातीलाच जोरदार केमोथेरपी व किरणोपचार दिलेले रुग्ण सौम्य उपचार घेतलेल्या रुग्णांपेक्षा अधिक जगले नाहीत, असे आढळले. सुरुवातीच्या अवस्थेत मलमे आणि विशिष्ट जंबुपार किरण यांवरच मुख्य भर असतो. तेच मलम येथे तज्ज्ञाच्या देखरेखीखाली औषध ठरते, हेही लक्षात घ्यावे.

नाशिककरांपुरते सांगायचे तर पहिली पायरी जिल्हा शासकीय रुग्णालयातील किंवा आडगावच्या वैद्यकीय महाविद्यालयातील त्वचारोग विभाग ही होय. खासगी त्वचारोगतज्ज्ञही शहरात पुष्कळ आहेत. निदान अडले, किंवा कर्करोग असल्याचे सांगितले गेले, तर मुंबईला परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाचा रस्ता आहे. १९४१ साली सुरू झालेल्या या रुग्णालयात बाहेर झालेल्या बायोप्सीचे ब्लॉक आणि स्लाइड पुन्हा तपासले जातात. सकाळी पंचवटी एक्स्प्रेसने जाऊन दादरला उतरणारे कितीतरी नाशिककर त्याच रुग्णालयाकडे निघालेले असतात. उपचाराच्या खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचा समावेश आहे. योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याच्याकडे रेशनकार्ड व आधारकार्ड घेऊन आधी चौकशी करावी.

कागदांच्या बाबतीत मात्र कारकुनाचे ऐकावे. एक साधी फाइल करावी आणि तारखेच्या क्रमाने सर्व केसपेपर, रिपोर्ट, औषधांच्या चिठ्ठ्या लावाव्यात. जुने गुळमुळीत रिपोर्ट टाकून देऊ नयेत, पुढच्या पॅथॉलॉजिस्टला तेच हवे असतात. चट्ट्यांचे फोटो दर दोन-तीन महिन्यांनी, त्याच जागेचे, त्याच उजेडात, शेजारी पट्टी ठेवून काढावेत व तारीख लिहावी. 'टिकून राहणारे किंवा वाढणारे चट्टे' या मूळ अटीचा याहून चांगला पुरावा नाही. बायोप्सी केलेल्या जागेपाशी फोटोत खूण करावी. मुंबईला जाण्यापूर्वी प्रयोगशाळेत लेखी अर्ज देऊन ब्लॉक व स्लाइड मागून घ्यावेत. नुसता रिपोर्ट नेला तर परत यावे लागते, कारण नव्या तपासण्या ब्लॉकमधूनच होतात. स्लाइड काचेच्या असल्याने कापसात गुंडाळून डबीत ठेवाव्यात. ब्लॉक मेणाचा असतो, तो एरवी वर्षानुवर्षे टिकतो, पण वैशाखाच्या उन्हात बंद गाडीत काचेजवळ ठेवू नये. आणि ब्लॉक हातात मिळाला की त्यावरचा क्रमांक रिपोर्टवरच्या क्रमांकाशी जुळतो का, ते तेथेच, काउंटर सोडण्यापूर्वी पाहून घ्यावे.